दातातला खड्डा डॉक्टर मोठा का करतात?

महाड-पोलादपूरकडच्या घरांतून एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : "टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, डॉक्टरांनी मशीन लावून केवढा खड्डा केला!" बिल वाढवायला दात कोरला, असा संशय त्यामागे असतो. म्हणून सिमेंट भरण्याआधी दातात नेमकं काय करतात, ते आज पाहू.

दाताचं बाहेरचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याखालचा थर मात्र मऊ असतो. तोंडातले जंतू गोड, चिकट खाण्यावर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने कवचाला बारीक भोक पडतं. आत शिरलेली कीड मग मऊ थरात पसरते. वाळवी लागलेला वासा वरून धड दिसतो आणि आत पोकळ निघतो, तसंच हे. मशीन ती पोकळी उघडी करते, एवढंच.

मग सडलेला भाग काढतात. कडा तर अगदी स्वच्छ आणि घट्ट लागतात, नाहीतर फटीतून कीड पुन्हा शिरते. तळाशी नस जवळ असेल तर डॉक्टर थोडा मऊ थर मुद्दाम ठेवतात, म्हणजे नस उघडी पडत नाही. वरून नीट बंद केलं की तिथली कीड सहसा थांबते.

पूर्वी मात्र जास्त कोरत. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांच्या १९०८च्या ग्रंथाने रूढ केलेल्या पद्धतीत शेजारचा चांगला भागही काढत. शिवाय चांदीचं फिलिंग दाताला चिकटत नाही. ते अडकून राहील असा आकार द्यावा लागे. आजचं दाताच्या रंगाचं फिलिंग चिकटतं, त्यामुळे कमी कोरून भागतं. १९८०च्या दशकात टांझानियात तर विजेशिवाय, नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड काढून सिमेंट भरण्याची पद्धत निघाली.

खरं नुकसान उशिराने होतं. लवंगेच्या तेलाने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. मशेरीने बरं वाटतं, पण ती तंबाखूच. "अब्बा आखातातून सुट्टीवर आले की बघू" म्हणेपर्यंत कीड नसेपर्यंत पोहोचते. मग रूट कॅनाल करा, नाहीतर दाढ काढा. पोलादपूरहून महाडची एक फेरी त्यापेक्षा स्वस्तच पडते.

जाताना एवढं लक्षात ठेवा :

• कीड किती खोल आहे, एक्स-रे लागेल का, कोणतं सिमेंट भरणार, हे आधी विचारा.
• दुखत असेल तर हात वर करा. सुन्न करण्याचं इंजेक्शन मागायला लाजू नका.
• सुन्नपणा जाईपर्यंत मुलांना खायला देऊ नका. ओठ चावला तरी त्यांना कळत नाही.
• दोन-चार दिवस थंड लागेल. रात्री ठणका लागला तर परत दाखवा.
• रमजानमध्ये पाणी घशात जाण्याची धास्ती वाटली तर इफ्तारनंतरची वेळ घ्या. दुखणं असह्य असेल तर आलिमांना विचारून लगेच जा.

मिसवाक जरूर करा. सोबत रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्टही वापरा. दुधाचे दात "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. पक्क्या दातांची जागा तेच राखून ठेवतात.