टॅब आधी कोणाच्या हाती?

बेंगळुरू म्हणजे देशाची आयटी राजधानी. तिथेच जून २०२० मध्ये कर्नाटक सरकारने पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग बंद केले. जुलैत उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. ज्यांच्या घरी मोबाइल-टॅब होते, ती मुले शिकत राहिली. २०२१च्या ‘स्कूल’ सर्वेक्षणात नियमित ऑनलाइन शिकणारी ग्रामीण दलित-आदिवासी मुले फक्त ४ टक्के, इतर ग्रामीण मुले १५ टक्के. ही दरी जातीचीच आहे.

पहिली-दुसरीच्या वर्गात टॅब येण्याला माझा विरोध नाही. पण तो सरकारी शाळेचा हवा, पालकांच्या खिशातून नको. तो मुलांच्या भाषेत बोलावा आणि शेजारी शिक्षक असावा. बाबासाहेबांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसवले गेले. टॅबविना बसलेले मूल हे त्याच गोणपाटावर आहे, असे मी मानतो.