मातीचा भराव आणि सहा फुटांची रेल्वे



शाळांना दिवाळीची सुट्टी लागली तेव्हापासून आमच्या घरात रेल्वे चालू आहे. खोटे वाटेल, पण खरे आहे. पेणच्या आमच्या दीड खोल्यांच्या घरात खाटेखालून सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी एक फळी निघते. तिच्यावर रूळ आहेत, फलाट आहे, शेतांचे बांध आहेत आणि एक डिझेल इंजिन तीन डबे घेऊन गोल गोल फिरते. रात्री जेवणे झाली की फळी बाहेर येते, झोपण्याची वेळ झाली की आत जाते. घरच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी बजावले होते की, अंथरुणाच्या जागेवर रेल्वेचा हक्क चालणार नाही. तो करार आजवर पाळला आहे.

हे खूळ आमच्या डोक्यात आले पुण्याला. एका लग्नाला गेलो होतो, दुपार मोकळी होती, म्हणून मुलांना कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवले. भाऊसाहेब जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर हा नाद केला आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी २६ जानेवारीला रोह्यापासून पुढची कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली होती. संग्रहालयात सिग्नल आपोआप पडतात, उठतात. रात्र होते, दिवे लागतात. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. सगळे पाहून बाहेर आल्यावर आमची थोरली, जी यंदा नववीत आहे, म्हणाली, "बाबा, यात आपलं पेण कुठाय?" तिचा प्रश्न रास्त होता. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात २००१ पासून याहूनही अवाढव्य मांडणी आहे, तिच्यातही पेण नाही. पेण कोणी करायचे? पेणकरांनीच.

मी पेणहून रोह्याला कारकुनीला जातो, कधी गाडीने, कधी एसटीने. त्यामुळे पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा ही स्टेशने मला तोंडपाठ. वाटले, सगळा मार्गच करू. मग वाणिज्य शाखेच्या पदवीधराने कागद-पेन्सिल घेतली आणि शहाणपण आले. या छंदात जगभर जे प्रमाण जास्त चालते त्याला एचओ म्हणतात. खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. पेण ते रोहा सुमारे ४० किलोमीटर. त्याला ८७ ने भागले तर ४६० मीटर होतात. आमच्या खोलीची लांबी बारा फूट! बरे, नुसते पेण स्टेशन घ्यावे, तर बारा डब्यांचा फलाटच दहा फुटांचा होतो. तेव्हा चार डब्यांचा फलाट, त्यापुढे खाचरांतून जाणारा मातीचा भराव आणि त्यातली एक मोरी, एवढेच करायचे ठरले. बाकीचे मनात समजून घ्यायचे.

आणखी एक गंमत सांगतो. एचओच्या रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, त्याचा ८७ वा भाग काढला तर सव्वाएकोणीस येतो. मग हिशेब चुकला कुठे? चुकला नाही. ते माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून आलेले आहे. म्हणजे आपली गाडी त्या रुळांवर उभी केली की ती जरा पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. आमच्या धाकट्याला हे कळल्यापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.

खर्चाचे विचाराल तर नवे परदेशी इंजिन घेणे आपल्यासारख्याचे काम नव्हे. मुंबईत जुन्या सामानात एक संच मिळाला: रुळांचा एक लांबट फेरा, एक इंजिन, तीन मालडबे. वाण्याची उधारी महिनाभर लांबली, एवढ्यात भागले. मालडबे पुढे कामी आले, ते सांगेनच. ज्यांना करायचे असेल त्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. रुळांत बारा व्होल्टच्या आतला वीजप्रवाह सोडतात, त्याने मुलांना इजा होत नाही. पण घरातली २३० व्होल्टची वीज उतरवणारा जो डबा असतो तो तयारच विकत घ्यावा, स्वतः जोडत बसू नये. दोन रुळांना दोन तारा, प्रवाह वाढवला की गाडी वेगाने, तारा उलट्या केल्या की गाडी मागे. एवढेच त्याचे शास्त्र. गाडी थबकू लागली तर इंजिनाला दोष देऊ नका, आधी रूळ स्वच्छ फडक्याने पुसा. दहांत नऊ वेळा कारण धूळ असते.

भराव, डोंगर आणि मोरी करायला मात्र पेणसारखे गाव नाही. आमच्या वस्तीतले कितीतरी हात गणपतीच्या कारखान्यांत राबले आहेत. पेण, हमरापूर, जोहे या भागात वर्षभर हेच काम. मूर्तीची पूजा आपली नव्हे. पण कारागिरी आपली आहे आणि तिचा अभिमान बाळगायला काय हरकत आहे? शेजारच्या एका ताईंनी आम्हांला प्लास्टरमध्ये काथ्या कसा घालतात, तो घातला की तडा कसा जात नाही, आणि प्लास्टर किती वेळात हाताबाहेर जाते हे शिकवले. वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून, असा आमचा भराव उभा राहिला. त्यांनीच रंगाचे एक गुपित सांगितले. एकच रंग सपाट मारला की वस्तू मेलेली दिसते. आधी गडद, मग कोरड्या ब्रशाने फिका, नुसता उंचवट्यांवर. डबे नवेकोरे चमकत होते, त्यांच्यावर चहाच्या रंगाचे पाणी मारले तेव्हा कुठे ते आपल्या बाजूचे वाटू लागले.

खडीची कथा ऐका. रुळांखालची खरी खडी पाच-सहा सेंटीमीटरची. ८७ ने भागली तर रव्याएवढी होते. मी म्हटले, मग रवाच घालू! रंगवून घातला. दिसला झकास. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी सबंध मार्ग उखडून नेला. घरात आठ दिवस माझी अब्रू गेली ती गेली. मग खडीच्या क्रशरवरची कच पिशवीभर आणली, आधी पिठाच्या चाळणीने, मग चहाच्या गाळणीने गाळली, रुळांमध्ये ब्रशाने बसवली. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ते औषधाच्या ड्रॉपरने सोडले. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळीसारखा बसून राहतो, आत मुरत नाही. झाडांची खोडे रानातल्या काटक्यांची, माडाच्या झावळ्या कोंबडीच्या पिसाच्या, गवत लाकडाच्या वखारीतल्या भुशाचे. स्टेशनची पिवळी पाटी थोरलीने रंगवली. काळी अक्षरे, खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. भिंगाखाली धरून वाचता येते. विजेचे खांब आम्ही सायकलच्या तारांचे केले. खऱ्या मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर असतात, म्हणजे आमच्याकडे ८३ सेंटीमीटर. सहा फुटांत दोन खांब जेमतेम. शोभेसाठी आम्ही सहा लावले.

दोन महिन्यांत हे सगळे झाले. एका रविवारी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खुर्ची देऊन समोर बसवले. आप्पा सत्तरीचे. कमी बोलतात. पनवेलकडून येणारा रूळ आपट्याहून पुढे रोह्यापर्यंत आणायचे काम चालले होते तेव्हा ते आणि आई भरावाच्या मातीकामावर होते. मी तान्हा होतो. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत पोहोचली, पण त्या गाडीत आप्पा कौतुकाने बसले असे मला आठवत नाही. त्या कामाबद्दल ते कधी बोललेही नाहीत. मी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

गाडी दोन फेरे फिरली. आप्पांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. भरावाकडे बोट करून म्हणाले, "ही माती कुठून आणली?"

मी म्हटले, "आप्पा, प्लास्टर आहे."

"तसं नाही रे. भराव आहे, मग खड्डे कुठायत? माती काय आभाळातून पडली?"

मग आप्पा बोलू लागले, आणि आम्ही तिघे ऐकत राहिलो. भरावाच्या दोन्ही बाजूंना खड्डे खोदायचे आणि तीच माती वर टाकायची. पुरुषाने खोदायचे, बाईने घमेले न्यायचे. जोडीला एक खड्डा. मजुरी ब्रासवर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आता जमीन उंचसखल, खोदून झाल्यावर मूळची पातळी कुठे होती हे कसे कळणार? म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवायचा, माथ्यावर गवतासकट. माप घेणारा माणूस त्या खांबाची उंची मोजे, लांबी-रुंदीने गुणी, तेवढे ब्रास. खांब म्हणजे मजुराचा साक्षीदार. चलाख मजूर त्याच्या डोक्यावर रात्री माती चढवत, आणि मापवाला डोक्यावर गवत आहे का ते आधी पाही. दोघेही एकमेकांना ओळखून होते.

"आमचा एक खड्डा होता," आप्पा म्हणाले, "कासूच्या पलीकडे. वीस लांब, दहा रुंद, तीन खोल."

मी मनात हिशेब केला. सहाशे घनफूट, सहा ब्रास.

"सहा दिवस लागले. शनिवारी माप होतं. ठेकेदाराचा माणूस आला नाही, सोमवारी बघू म्हणाला. रविवारी वळवाचा पाऊस आला. खांब बसला. खड्ड्यात पाणी. सोमवारी तो म्हणाला, साक्ष कुठाय? दोन फूट धरतो. चार ब्रासचे पैसे दिले. दोन ब्रास बुडाले. तुझी आई त्याच्याशी भांडली. तू झोळीत रडत होतास, बाभळीला बांधलेला."

आई २०१६ साली गेली. तिने हे मला कधी सांगितले नव्हते.

आता प्रश्न आला कामाचा. सपाट प्लायवूडवर खड्डा खोदणार कसा? करायचाच तर बाजूची सगळी जमीन उचलून खाली थर्माकोलचा थर द्यावा लागणार, म्हणजे खाचरे, बांध, भुशाचे गवत, दोन महिन्यांचे काम उखडायचे. शिवाय आमचे विजेचे खांब आजच्या काळातले आणि आप्पांचे खड्डे चाळीस वर्षांपूर्वीचे. मी टाळाटाळ केली. पुढच्या वेळी पाहू, म्हटले. थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, "सोमवारी बघू, असंच ना?" त्यापुढे मला काय बोलता येणार होते?

त्याच आठवड्यात खांब उपटले. इंजिनामागे मालडबे जोडले, त्यांत तीच चाळलेली कच भरली. नव्या रुळांवरून जाणारी खडीची गाडी झाली. फलाट आणि पिवळी पाटी मात्र राहू दिली. खडीची गाडी धावत असताना एवढा सजलेला फलाट नसणार हे जाणकाराच्या लक्षात येईल. येऊ दे. थोरलीने पाटीसाठी डोळे फोडले आहेत, ती निघणार नाही.

थर्माकोलमध्ये खड्डा कापला. सात सेंटीमीटर लांब, साडेतीन रुंद, एक खोल. वीस, दहा आणि तीन फुटांचा ८७ वा भाग जवळजवळ एवढाच होतो. मधला खांब आप्पांनी स्वतः बसवला, एक सेंटीमीटरचा, आणि माथ्यावर भुशाची चिमूट टाकून म्हणाले, "गवत पाहिजे." शेजारच्या ताईंनी पावणेदोन सेंटीमीटरची एक बाई घडवून दिली, डोक्यावर घमेले, कासोटा घातलेली, चढावर एक पाय पुढे. पिण्याच्या पाण्याचा माठ म्हणून मातीच्या रंगाने रंगवलेला एक धणा ठेवला. धणा त्या मापाला बरोबर बसतो. बाभळीला कापडाची झोळी बांधली. झोळीत काही दिसत नाही, पण आत कोण आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

वस्तीतली मुले आता रविवारी सकाळी येतात. आप्पा त्यांना इंजिन दाखवत नाहीत. खड्डा दाखवतात आणि विचारतात, किती ब्रास झाले सांगा. पाचवीतली एक पोर आता पटकन सांगते.

खड्ड्यात पाणी दाखवण्यासाठी धाकट्याने पारदर्शक वार्निशची छोटी बाटली आणली होती. तो ओतणार, एवढ्यात आप्पांनी त्याचा हात धरला.

"थांब," म्हणाले. "अजून पाऊस आला नाही."