मेंदूतलं लोखंड

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना तुम्ही काय करता? मी साताऱ्याला घरी फोन लावते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीला निघताना बाबा फोनवर म्हणाले, "अगं, मेंदूतलं लोखंड काढायची गोळी निघालीय म्हणे. थॅलेसेमियाच्या पेशंटना देतात तीच. तिकडे मिळते का बघ, आजीला देऊन बघू."

माझ्या आजीला अल्झायमर आहे. मी घरी पोचले की ती विचारते, "तू कोणाची गं?" मी सांगते. ती छान हसते, मला चहा द्यायला सांगते आणि पुन्हा तेच विचारते. त्यामुळे बाबांना मी दोष देणार नाही. माझेही पाय समोरच्या मेडिकलकडे वळलेच होते. पण गाडीला अर्धा तास होता, म्हणून आधी मोबाइलवर वाचायला घेतलं. (अभ्यास सोडून बाकी सगळं मी मन लावून वाचते, हे सरांना माहीत आहे.)

बाबांना कळलं होतं ते अर्धं खरं होतं. अल्झायमरमध्ये मेंदूत, विशेषतः आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये, लोह जास्त साठलेलं दिसतं. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की पेशींची नासधूस करणारे रॅडिकल्स तयार होतात. केमिस्ट्रीतली फेंटन रिअ‍ॅक्शन ती हीच! मग लोह काढलं की मेंदू वाचेल, असं कोणालाही वाटणारच. १९९१ मध्ये कॅनडातल्या ४८ पेशंटच्या प्रयोगात डेस्फेरिऑक्सामाइनच्या इंजेक्शनांनी घसरण मंदावल्याचं दिसलं होतं. गंमत म्हणजे ती दिली होती अ‍ॅल्युमिनियम काढायला, पण ते औषध लोहही काढतं.

बाबा म्हणत होते ती गोळी डेफेरिप्रोन. ती आपल्याकडे जुनीच आहे. अमेरिकेने तिला २०११ मध्ये मान्यता दिली, पण मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी थॅलेसेमियाच्या पेशंटवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९२ मध्येच छापले होते. सतत रक्त चढवाव्या लागणाऱ्या मुलांच्या अंगात लोह साचतं, ते ही गोळी बाहेर काढते. तिथे तिचं काम चोख आहे.

अल्झायमरचं उत्तर मात्र २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलं. ८१ पेशंट, काहींना डेफेरिप्रोन, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी, मुदत एक वर्ष. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसमधलं लोह खरंच कमी झालं. आणि औषध घेणाऱ्यांची बुद्धी जास्त वेगाने ढासळली. पार्किन्सन्सच्या २०२२ मधल्या मोठ्या प्रयोगातही औषधवाल्यांचीच तब्येत जास्त बिघडली होती.

मी दोनदा वाचलं. मग वाटलं, सळई गंजते म्हणून स्लॅबमधून सळईच ओढून काढली तर? सिव्हिलवाल्यांना विचारा. पेशींना ऊर्जा तयार करायला लोह लागतं, डोपामाइन बनवायलाही लागतं. गोळीला त्यातलं कामाचं कुठलं आणि फालतू कुठलं हे कदाचित कळत नसावं. (आणि हॉस्टेलच्या मुलींनो, हे वाचून डॉक्टरांनी दिलेल्या आयर्नच्या गोळ्या बंद करू नका. तो विषय वेगळा आहे, आपल्यात अ‍ॅनिमिया भरपूर आहे.)

माझी तक्रार वेगळीच आहे. "गोळी निघाली" ही बातमी साताऱ्यापर्यंत पोचली, "गोळीने नुकसान झालं" ही पोचली नाही. फसलेल्या प्रयोगाला आपण बातमीच मानत नाही, जर्नलमध्येसुद्धा फसलेल्या रीडिंगवर काट मारतो. पण त्या ८१ जणांनी वर्षभर गोळ्या घेतल्या नसत्या, तर मी ते पाकीट बॅगेत टाकून गाडीत बसले असते.

गाडी लागल्यावर बाबांना पुन्हा फोन केला. सगळं ऐकून ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग नको आणूस. येताना तिच्यासाठी बाकरवडी आण."