फलकावरून उतरवलेले नाव

ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ शिकवताना ते प्रथम रंगभूमीवर आणणाऱ्या जॉर्ज अलेक्झांडरचे (१८५८-१९१८) नाव सहसा तळटीपेत राहते. वर आलेच, तर आरोपी म्हणून येते. ५ एप्रिल १८९५ रोजी वाइल्डला अटक झाली आणि अलेक्झांडरने जाहिरात-फलकांवरून नाटककाराचे नाव काढून टाकले. प्रयोग चालू राहिले, नाव गेले. हे भ्याडपणाचे होते, यात आम्हांला शंका नाही. पण अभ्यासकाने इथेच थांबावे, हे मात्र आम्हांला मान्य नाही.

हेन्री आयर्व्हिंगच्या लायसीयममध्ये घडलेला हा नट १८९१ पासून मृत्यूपर्यंत लंडनच्या सेंट जेम्स थिएटरचा चालक होता. नायकाची भूमिका त्याची, संहितेची निवड त्याची आणि तोटाही त्याचाच. ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ (१८९२) आणि पिनरोचे ‘द सेकंड मिसेस टँकरे’ (१८९३) त्यानेच रंगमंचावर आणले. जानेवारी १८९५ मध्ये हेन्री जेम्सचे ‘गाय डॉम्व्हिल’ पडले. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी जेम्सची हुर्यो उडवली. ती रिकामी जागा १४ फेब्रुवारीला वाइल्डच्या नाटकाने भरली.

वाइल्डने लिहिले होते चार अंकी नाटक. अलेक्झांडरच्या आग्रहाने त्याचे तीन अंक झाले. आज आपण ज्या रेखीव बांधणीचे श्रेय नि:शंकपणे लेखकाला देतो, तिच्यात या चालकाच्या कात्रीचा वाटा आहे. (गाळलेल्या एका प्रवेशात अल्जरननला कर्जापायी हॉलोवेच्या तुरुंगात नेण्यासाठी वकील येतो. अटकेनंतर वाइल्डला ठेवले तेही हॉलोवेतच!) संहिता म्हणजे लेखकाच्या एकांतातली निर्मिती, ही आपल्या वर्गांतली समजूत इथे टिकत नाही. नाटक शिकवायचे आणि नाटकधंद्याकडे पाठ फिरवायची, ही सवय आमचीही आहे.

नाव काढूनही नाटक वाचले नाही. ८ मे रोजी ते बंद पडले. वाइल्डच्या दिवाळखोरीत त्याच्या दोन नाटकांचे हक्क अलेक्झांडरने विकत घेतले. पुढे त्याने कायद्याने बांधील नसताना वाइल्डला काही रकमा दिल्या. १९०९ मध्ये ‘अर्नेस्ट’ पुन्हा लागले आणि दीर्घकाळ चालले. त्यात त्याचाही लाभ होताच. या पैशांनी फलकावरचे नाव परत आले, असे आम्ही म्हणणार नाही. पण १९११ मध्ये ‘सर’ झालेल्या या गृहस्थाने मृत्युपत्रात ते हक्क वाइल्डचा मुलगा व्हिव्हियन याच्यासाठी ठेवले. त्या मुलाचे आडनाव तोवर वाइल्ड राहिले नव्हते. १८९५ नंतर कुटुंबाने ते बदलून हॉलंड केले होते.