मन मोठं, माल कुठं?

आपत्तीतल्या मदतीचा पुरवठा हा अभ्यासाचा विषय आहे म्हटलं की काही मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात. अशाच एका वक्त्यांनी परवा टाळ्या मिळवल्या. मन असलं की मदत पोहोचते, हे त्यांचं म्हणणं. बाकी सगळं पदवीवाल्यांचं खूळ. दाखला वारीचा: लाखोंच्या पंगती उठतात, तिथं कोण व्यवस्थापन शिकून आलेलं असतं?

वारीची तिथी, वाट आणि मुक्काम आधीच ठरलेले असतात. भूकंप पंचांग बघून येत नाही.

आता मनाचं बघू. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला आणि जगाचं मन असं भरून आलं की सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य तिथं येऊन पडलं. नाना भाषांतली लेबलं, मुदत संपलेली खोकी, उपयोगाचं आणि निरुपयोगी एकाच ढिगात. काय आलंय याचा अंदाज येईपर्यंत पन्नासेक माणसांचे सहा महिने गेले. लगेच वापरता येण्याजोगा माल जेमतेम ३० टक्के निघाला. २० टक्के अखेर नष्ट करावा लागला. जखमी थांबले, खोकी उघडत राहिली. शेवटी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला लिहून सांगावं लागलं, की औषध पोहोचेल तेव्हा त्याची निदान वर्षभराची मुदत उरलेली असावी. एवढं साधंसुद्धा मनाला आपोआप सुचलं नव्हतं! २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले, तेही दानच होतं.

माल चांगला असला तरी तो पोहोचायला वाट हवी. २०१५ मध्ये भूकंपानंतर काठमांडूच्या विमानतळाची एकुलती एक धावपट्टी खचू लागली आणि मोठ्या विमानांना बंदी झाली. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला; तेव्हा मनं कमी नव्हती, ट्रक हलत नव्हते.

वस्तू द्याव्यात की पैसे, हा वादही जुनाच. पैसे दिले तर लोक उडवतील, असं सांगणारे स्वतःच्या घरातली फाटकी चादर मात्र निःशंक पाठवतात. बाजार चालू असेल तिथं रोख रक्कम बरी. गरज काय ते गरजवंतालाच कळतं.

मग अभ्यासानं काय साधतं? ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळापूर्वी जवळपास १० लाख लोकांना हलवलं गेलं आणि बळी शंभराच्या आत राहिले. निवारे, वाहनं, धान्य आधीच ठरलेलं होतं.

पुढच्या पुरात गाठोडं बांधण्याआधी तहसील कार्यालयाला एक फोन करा आणि काय हवंय ते विचारा.