स्विच 'बंद' आहे, म्हणजे नक्की काय?

घरी आई सांगते, "लाईट बंद कर." आपण बटण दाबतो, अंधार होतो. कॉलेजात सर फळ्यावर सर्किट काढून सांगतात, "स्विच क्लोज, म्हणजे बंद केला, की करंट वाहतो." दोघंही बरोबर! आईचं 'बंद' म्हणजे ऑफ आणि सरांचं 'बंद' म्हणजे क्लोज्ड. मराठीत एकच शब्द दोन उलट अर्थांनी फिरतोय. त्यात नळाची सवय. नळ उघडला की पाणी येतं, स्विच 'ओपन' केला की मात्र करंट थांबतो. व्हायवात भल्याभल्यांची दांडी इथेच उडते.

इंग्रजी नावं घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. जिन्यात खाली आणि वर, दोन्हीकडून एकच दिवा लावायचा असेल तर दुकानात आपण 'टू-वे' स्विच मागतो. ब्रिटिशांकडून आलेलं हे नाव. अमेरिकन पुस्तकात त्याच स्विचला 'थ्री-वे' म्हणतात, कारण ते टर्मिनल मोजतात आणि आपण वाटा. मधल्या मजल्यासाठी लागणारा आपला 'इंटरमीजिएट' तिकडे 'फोर-वे' होतो. नेटवरून अमेरिकन डायग्राम उतरवून काढणाऱ्यांनी जरा जपून!

'नॉर्मली ओपन' आणि 'नॉर्मली क्लोज्ड' ही जोडी तर आणखी फसवी. इथे 'नॉर्मली' म्हणजे 'एरवी, रोजच्या वापरात' नव्हे, तर 'कोणी दाबलेलं नसताना'. फ्रीजच्या दारातलं बटण बघा. ते नॉर्मली क्लोज्ड असतं. पण दार लावलं की ते दाबलं जातं, म्हणजे बहुतेक सगळा दिवस ते ओपनच! दार बंद, स्विच ओपन, दिवा बंद. एका वाक्यात दोनदा 'बंद' आलं आणि दोन्हींचा अर्थ वेगळा.

कोणी म्हणेल, "एवढं काय त्यात? सवयीने कळतं." परीक्षेपुरतं ठीक आहे, एखादा मार्क जाईल. पण होस्टेलच्या खोलीत कोणी स्टुलावर चढून पंख्याचा कंडेन्सर बदलत असतो आणि खाली विचारतो, "बंद आहे ना रे?" खालचा पंख्याकडे बघून म्हणतो, "हो, बंद आहे." पंखा फिरत नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पंखा बिघडल्यामुळे 'बंद' असेल आणि बटण चालूच असेल तर? किंवा वायरमनने फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून नेली असेल तर? मग बटण ऑफ करूनही वर २३० व्होल्ट हजर.

बटणाची दिशा बघून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही. आपल्याकडे भिंतीवरचं बटण खाली म्हणजे चालू, अमेरिकेत वर म्हणजे चालू. त्याच भिंतीपलीकडे पॅसेजमधल्या पॅनलवर एमसीबीचा खटका साधारणपणे वर असला की चालू! जिन्यातल्या टू-वेला तर ठरलेली ऑफ बाजूच नसते. एक बटण खाली की वर, यावरून दिव्याबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जिथे कोणाचा हात तारेवर जाणार आहे, तिथे 'बंद' हा शब्दच वापरू नये. "सप्लाय तोडला" किंवा "सप्लाय आहे" असं म्हणावं. तेही टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून, तो पेटतोय याची खात्री करून, मग कामाच्या जागी लावून बघितल्यावरच. वर्गातही 'बंद सर्किट'ऐवजी 'पूर्ण सर्किट' आणि 'तुटलेलं सर्किट' म्हटलं तर कोणाचं काय बिघडणार आहे?

आणि रेक्टर सरांना एक विनंती. प्रत्येक मजल्याच्या पॅनलवर कुठला एमसीबी कुठल्या खोल्यांचा, ते ठळक अक्षरात लिहून लावा. काम चालू असताना "बंद आहे" अशी चिठ्ठी नको. ती वाचून कोणालाही वाटेल की ट्रिप झालाय, आणि तो खटका वर करून मोकळा होईल. "वर माणूस काम करतोय, सप्लाय देऊ नये" अशी पाटी आणि शक्य तिथे कुलूप लावा. इलेक्ट्रिकलची पोरं पाट्या रंगवून द्यायला तयार आहेत. खर्च एका पेंटच्या डब्याचा. सेमिस्टर संपायच्या आत होईल का?