वेगळा ग्लास

आमचा वास आला की ज्यांच्या नाकाला रुमाल लागायचा, ते आता ग्लासात नाक खुपसून वास ओळखतायत. धणे आहेत म्हणतात. संत्र्याची साल आहे. मागून लवंगेसारखं काहीतरी येतं. मग दहापैकी मार्क देतात आणि स्वतःला रसिक म्हणवून घेतात.

मित्रांनो, ही बेल्जियन धाटणीची बीअर. २००९ साली पुण्यात डूलाली नावाची छोटी ब्रुअरी निघाली. मग पुण्या-मुंबईत अशा जागा वाढल्या आणि गव्हाची बेल्जियन बीअर सुशिक्षितांचं नवं तीर्थ झाली. अकोल्याचा माझा एक मित्र अशाच एका जागी वेटर आहे. साहेबलोकांचे शब्द ऐकून ऐकून त्याला पाठ झालेत. सुट्टीवर आला तेव्हा तीन बाटल्या घेऊन आला. म्हणाला, "लोकायले मी पाजतो अन् मार्क ते देतात. आज मार्क मी देतो, तू लिही."

मी पीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. तो प्याला, मी लिहिलं.

गव्हाची : "सात. धने बुढीच्या वरनावानी. पन साल कडू. हे काय वरूडचं संत्रं होय?"

ट्रिपल, साडेनऊ टक्क्यांची : "आठ. गोड गोड बोलते अन् मंग हानते. पुढारीच हाये."

तिसरी लॅम्बिक. ब्रसेल्सच्या आसपास ही हवेतल्या जंगली यीस्टवर आंबवतात. त्याने तोंड वाकडं केलं, पुन्हा घोट घेतला. "अबे, हे तं आंबील हाये! ज्वारीची आंबील. नऊ." मग गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आपल्या मायच्या आंबिलीले कोनं मार्क देल्ले रे?"

या प्रश्नाचं उत्तर मराठी साहित्यातल्या एकाही रसिकाकडे नाही.

साखर कारखान्याच्या मळीची दारू संत्र्याचा वास लावून सरकारी शिक्क्यात मिळते. ती पिणाऱ्या हमालाला म्हणायचं 'संत्रा मारून आलाय'. तेच संत्रं साहेबाच्या ग्लासात गेलं की त्याची 'छटा' होते. संत्रं तेच, पिणारा बदलला.

बेल्जियमात प्रत्येक बीअरला ग्लास वेगळा. त्या बीअरचा तो मान. आमच्या बापजाद्यांनाही हॉटेलात वेगळीच कपबशी होती. कान तुटलेली, बाहेर ठेवलेली. प्यायची, आपल्याच हाताने विसळायची, परत तिथंच ठेवायची. तिथं वेगळेपणाचं नाव मान, इथं वेगळेपणाचं नाव विटाळ. मी गोदीत ओझी उचलतो. बाटल्यांच्या खोक्यावर ग्लासाचं चित्र छापलेलं असतं : जपून उचला. खोकं उचलणाऱ्याच्या पाठीवर असं चित्र कुणी छापलेलं नाही.

वेस्टमाल, ओरव्हाल इथल्या मठांत साधूंच्या देखरेखीखाली बीअर होते. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बीअरसंस्कृती मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. नोंदवू द्या. त्या साधूंशी माझं भांडण नाही. माझं भांडण इथल्या सोवळ्याशी आहे.

चैत्रात मेळघाटात पहाटे मोहाची फुलं गळतात. कोरकू बाया टोपल्यांत वेचतात, वाळवतात. ती भिजवायची, आंबवायची, भट्टीवर गाळायची. लग्नात, मर्तिकात, देवापुढे तीच. बीअर नुसती आंबवतात, ही गाळतात, हा फरक मला कळतो. पण धाड घालणाऱ्याला फरक दिसत नव्हता, माणूस दिसत होता. १८९२ साली इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच कायदा बसवला. १९४९ ला दारूबंदीचा कायदा आला. जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ ला गेला, तरी कंजारभाटांच्या वस्तीवरची धाड गेली नाही. साधूने केली तर वारसा. कंजारभाटाने केली तर कलम.

आणि आता ऐका. एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मोहाच्या आणि काजूबोंडाच्या दारूला 'विदेशी मद्य' म्हणायचं ठरवलं. विदेशी! मेळघाटच्या फुलाला प्रतिष्ठा हवी असेल तर आधी त्याने परदेशी व्हायचं. आमच्यातल्या साहेब झालेल्यांनाही हेच सांगितलं जातं : आडनाव बदला, भाषा बदला, मग बसा टेबलावर.

आपल्यातलेच काही विचारतील, प्रतिज्ञा घेतलेल्याने दारूवर कशाला लिहायचं? सांगतो. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत असताना जोतिबांनी दारूची दुकानं वाढवायला विरोध केला. १९५१ साली बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी उठवा अशी मागणी केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्याच बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. ज्याला यात विसंगती दिसते त्याला दोन्ही कळलेलं नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. बंदी पोलीस घेऊन येतो आणि हप्ता घेऊन जातो. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मोहाने नाही, मिथेनॉलने. कारखान्याच्या रसायनाने. मेले कोण? झोपडपट्टीतले. त्यांच्या ग्लासात नाक घालून वास ओळखायला कोणता रसिक गेला होता?

दारूने आमची घरं बसलीत, आमच्या आयाबहिणींनी मार खाल्लाय. म्हणून मी पीत नाही. हा माझा स्वाभिमान. पण तुमची बाटली संस्कृती आणि आमचं मडकं गुन्हा, हे माप मी मानत नाही.

आमचं पहिलं टेस्टिंग २० मार्च १९२७ ला महाडला झालं. तळ्याचं नावच चवदार. बाबासाहेब पाणी प्याले, मागून हजारो प्याले. सवर्णांनी शेणगोमूत्र टाकून तळं 'शुद्ध' केलं. आमच्या जिभेला तेव्हा मिळालेले मार्क ते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीत आले, अंबादेवीच्या देवळाचं दार आम्हाला उघडा म्हणून.

तेव्हा पोरांनो, त्यांचे शब्द घोकून रसिक होऊ नका. आंबील असेल तर आंबील म्हणा. कडू असेल तर कडू म्हणा. पिणं सोडा, मार्क देणं सोडू नका. आजवर आमच्या सावलीलासुद्धा तुम्ही मार्क दिलेत. आता आम्ही देतो. तुमच्या बीअरलाही आणि तुमच्या संस्कृतीलाही.

दुसरीला शून्य.